मोडेपर्यंत चालवायची गाडी

जुन्या रोल्स-रॉइसचा विषय निघाला की कोणी ना कोणी १९०७ ची ती १५,००० मैलांची गोष्ट काढतोच. गोष्ट खरी आहे, मीठमसाला फारसा नाही तिच्यात. कंपनीचा सगळा व्यवहार सांभाळणारा क्लॉड जॉन्सन म्हणून होता, त्याने ४०/५० मॉडेलची बारावी चासी (बॉडीखालचा सांगाडा) घेतली, तिच्यावर बॉडी बनवणाऱ्या बार्करकडून उघडी बॉडी चढवली, अॅल्युमिनियमचा रंग मारला, दिव्यांना वगैरे चांदीचा मुलामा दिला आणि नाव ठेवलं सिल्व्हर घोस्ट. मग ही गाडी आधी २,००० मैल, मग स्कॉटलंडची रिलायबिलिटी ट्रायल, आणि ती संपल्यावर लंडन ते ग्लासगो खेपांवर खेपा, दिवसरात्र, सुट्टी फक्त रविवारी. सोबत रॉयल ऑटोमोबाइल क्लबची देखरेख. ६२९ मैलांवर हादऱ्याने पेट्रोलचा कॉक आपोआप बंद झाला आणि गाडी थांबली, तेवढंच काय ते नाइलाजाचं थांबणं, त्यानंतर १४,३७१ मैल म्हणजे साधारण २३,००० किलोमीटर गाडी एकदाही बंद पडली नाही. (टायर पंक्चर यात धरलेले नाहीत हां, ते धरले असते तर त्या काळातली एकही गाडी पास झाली नसती.) शेवटी क्लबवाल्यांनी गाडी खोलली, जे जे म्हणून झिजलंय ते बदलून नव्यासारखी करायला पार्टचा खर्च आला २ पौंड २ शिलिंग ७ पेन्स.

भारीच आहे. पण टेस्टिंगमध्ये नोकरी काढलेला माणूस म्हणून सांगतो, ही टेस्ट नव्हती, ही जाहिरात होती. उत्तम जाहिरात, शंभर वर्षं होऊन गेली तरी आपण अजून तीच सांगतोय यातच काय ते आलं. पण टेस्टिंगवाला गाडी घेऊन निघतो तो ती पास व्हावी म्हणून नाही, ती कुठेतरी मोडावी म्हणून निघतो. महिनाभर गाडी पळवली आणि लॉगबुकात लिहिण्यासारखं काहीच मिळालं नाही तर मॅनेजमेंटला आनंद होतो, आम्हाला मात्र धाकधूक लागते की अरे, आपण चुकीच्या रस्त्याने तर पळवत नव्हतो ना? कारण मोडणार तर आहेच. प्रश्न एवढाच की आपल्या हातात मोडणार का गिऱ्हाइकाच्या.

चाकणच्या बाजूला काम केलेल्यांना हे माहीत असेल. नवी गाडी ओळखू येऊ नये म्हणून बॉडीला काळेपांढरे स्टिकर चिकटवलेल्या गाड्या, मागच्या सीटवर माणसांऐवजी वाळूची पोती, आणि ड्रायव्हर असा की ज्याला गाडी कुठली, केव्हा बाजारात येणार याच्याशी काडीचं देणंघेणं नाही, त्याला फक्त पसरणी, वरंधा, ताम्हिणी असं जे लिहून दिलंय ते लिहून दिलेल्या गिअरात करायचंय. आमच्याकडे एक काका होते, सगळे त्यांना काकाच म्हणायचे, शिक्षण बेताचं, पण गाडी दहा किलोमीटर चालवून आले की सांगायचे, "मागचं डावं बेअरिंग बोलायला लागलंय, अजून दोनेक दिवस काढेल." आम्ही सेन्सर लावून, लॅपटॉप जोडून, आलेख काढून चार दिवसांनी तिथेच पोचायचो. म्हणून मला या जुन्या गाड्यांच्या इतिहासात मालक कोण होता, सीटला चामडं कुठलं होतं याच्यापेक्षा ती बाजारात यायच्या आधी कोणी, कुठे आणि कशी बडवली हे वाचायला जास्त आवडतं. आणि हे शोधायला गेलं की रोल्स-रॉइसची खरी गोष्ट १९०७ ला नाही, १९१२ ला सुरू होते, आल्प्समधल्या एका घाटात, चांगलीच नाचक्की होऊन.

पण त्याच्या आधी आपला घाट. १९०८ मध्ये एक ४०/५० रोल्स मुंबईत आली होती, नाव पर्ल ऑफ द ईस्ट, आणि ती मुंबई-कोल्हापूर ट्रायलमध्ये उतरली. ६२० मैल, म्हणजे जवळपास हजार किलोमीटर, वाटेत सहा घाट. चांगला हायवे होऊनही आपण खंबाटकीला ट्रकच्या मागे रांगत शिव्या घातल्यात, तेव्हाचे रस्ते म्हणजे खडी, धूळ आणि समोरून बैलगाड्या. कोल्हापुरात तेव्हा शाहू महाराजांचा काळ. गाडी सगळे घाट न अडखळता चढली-उतरली, बक्षीस घेतलं, आणि नंतर ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली. (कोल्हापूरकरांना दसऱ्याला निघणाऱ्या मेबॅकचं कौतुक जास्त, ते असू दे, पण त्याच्याही आधी ही येऊन गेलीये हे सांगायला पाहिजे.) हीसुद्धा जाहिरातच म्हणा, भारतातले राजेरजवाडे हे मोठं गिऱ्हाईक होतं. पण त्या गाडीतली एक गोष्ट लक्षात ठेवा. तिला चार गिअर होते.

चार गिअर, आणि त्यातला चौथा ओव्हरड्राइव्ह. म्हणजे तिसऱ्यात इंजिन सरळ मागच्या चाकांशी जोडलेलं, आणि चौथ्यात इंजिनापेक्षा शाफ्ट जोरात फिरणार. सपाटीवर मजा, पण चौथ्यात ताकद दातेरी चक्रांमधून फिरून जाते त्यामुळे बारीक घरघर येते, आणि ज्या गाडीचं सगळं नावच आवाज न करण्यावर उभं आहे तिला घरघर परवडत नाही. शिवाय तेव्हा फेरे आपोआप जुळवून घेणारी सिंक्रोमेश वगैरे भानगड नव्हती, गिअर टाकायचा म्हणजे डबल क्लच, कान लावून इंजिनाचे फेरे जुळवायचे, जरा चुकलं की करकर्र. लोकांना गिअर बदलायचाच नसायचा. इंजिन सात लिटरचं, खालपासून ओढणारं, मग कशाला पाहिजेत चार? १९०९ ला तीन केले, वरचा डायरेक्ट. सगळं कसं शांत, सोपं, गिऱ्हाईक खूश.

आणि १९११ ला तर त्या टॉप गिअरचाच मोठा सोहळा केला. लंडन ते एडिंबरो आणि परत, सगळं अंतर फक्त टॉप गिअरमध्ये, चालवणारा अर्नेस्ट हाइव्ह्ज. सरासरी वेग ताशी १९.५९ मैल. हा आकडा मला फार आवडतो, कारण इंग्लंडात तेव्हा वेगमर्यादा होती ताशी २० मैल, म्हणजे ३२ किलोमीटर! पेट्रोल पडलं गॅलनला २४.३२ मैल, आपल्या हिशोबात लिटरला साडेआठच्या वर, सात लिटरच्या इंजिनाला, मान गये. मग तीच गाडी ब्रूकलंड्सच्या ट्रॅकवर नेऊन ताशी ७८.२६ मैलांनी पळवून दाखवली. म्हणजे चालायलाही शांत आणि पळायलाही जोरदार, सगळे प्रश्न सुटले.

सुटले नव्हते. पुढच्याच वर्षी जेम्स रॅडली नावाचा एक श्रीमंत हौशी माणूस, विमानंही उडवायचा, स्वतःची रोल्स घेऊन ऑस्ट्रियातल्या आल्पाइन ट्रायलला गेला. तिथे काट्शबर्ग म्हणून घाट आहे, चढ कुठे कुठे चारास एकच्या आसपास, म्हणजे चार मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. या चढावर त्याची गाडी अडकली. इंजिनात ताकद होती, मशीन बिघडलेलं नव्हतं, पण तीन गिअरांतला पहिला इतक्या चढाला पुरेसा खालचा नव्हता. माणसं खाली उतरवली तेव्हा गाडी हलली. जगातली सर्वोत्तम मोटार म्हणून मिरवणारी गाडी, आणि प्रवासी रस्त्यावर उभे. घाटात एसटीतून उतरून चालत गेलेल्या जुन्या माणसांना यात विशेष वाटणार नाही, पण कंपनीच्या डर्बीच्या कारखान्यात काय हलकल्लोळ झाला असेल विचार करा.

बघा ना, चार गिअरच्या गाडीने सह्याद्री पार केला होता, आणि नंतर लंडन-एडिंबरोच्या सपाटीवर शोभून दिसावी म्हणून केलेली तीन गिअरची गाडी आल्प्समध्ये फसली. एडिंबरोच्या रस्त्यावर तुम्ही वर्षभर गाडी पळवली असती तरी हा दोष सापडला नसता, कारण तो रस्ता पहिल्या गिअरला काही विचारतच नाही. दोष रस्त्यात लपलेला असतो, गाडीत नाही, असं आमचा एक सिनियर म्हणायचा, तेव्हा ते मला उगाच भारी वाक्य वाटायचं.

कंपनीचं कौतुक एवढ्यासाठी की त्यांनी रॅडलीला चालवता येत नाही, जास्त माणसं भरली, असली कारणं दिली नाहीत. (मी ज्या ठिकाणी होतो तिथे हा पहिला रिप्लाय असायचा. "ड्रायव्हर एरर" हा शिक्का तर तयारच असायचा टेबलावर.) चौथा गिअर परत आणला, रेडिएटर मोठा केला, आणि १९१३ ला कंपनीच्या तीन गाड्या आणि चौथा रॅडली असे परत त्याच ट्रायलला गेले. हाइव्ह्जही होता चालवायला. त्या वर्षी या गाड्यांनी तिथे सगळ्यांना गार केलं आणि तोच काट्शबर्ग त्या चढून गेल्या. पण मला बक्षिसापेक्षा महत्त्वाचं हे वाटतं की त्यानंतर या लोकांना कळलं की गाडीचं खरं काय ते इंग्लंडात बसून कळणार नाही.

मग फ्रान्स. याला कारणं दोन. एक तर ती २० मैलांची वेगमर्यादा, कायद्याने १९३० सालापर्यंत होती, लोक पाळत नव्हते ही गोष्ट वेगळी, पण कंपनीच्या ड्रायव्हरने रोज उठून मोडायची तर पोलीस काय बघत बसणार? दुसरं म्हणजे हेन्री रॉइस स्वतः. १९११ च्या सुमारास त्यांची तब्येत पार ढासळली, खाण्यापिण्याची आबाळ करून रात्रंदिवस काम करायची सवय अंगाशी आली, त्यानंतर ते हिवाळ्यात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर ल कानादेलला राहायचे. कारखाना डर्बीला, मालक भूमध्य समुद्राकाठी. मग नवीन प्रयोगाची गाडी त्यांना दाखवायची तर ती चालवत तिकडे न्यायची, वाटेत सगळा फ्रान्स. म्हणजे साहेबांची तब्येत बिघडली आणि कंपनीला टेस्ट रूट मिळाला.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात त्यांनी मध्य फ्रान्समधल्या शातोरू गावात तळच ठोकला. नकाशा उघडून बघा, पॅरिसहून तूलूझला जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, सपाट मुलूख, दोन्ही बाजूंना झाडं आणि मैलोन्‌मैल सरळ रस्ते. इथे प्रयोगाच्या गाड्या यायच्या, त्यांना नंबर असायचा आणि पुढे ईएक्स अशी अक्षरं, आणि १०,००० मैल म्हणजे १६,००० किलोमीटर सलग ताणायच्या. जोरात, थांबायचं कमी. मग खोलायच्या. प्रेक्षक नाहीत, क्लबचा पंच नाही, चांदीचा मुलामा नाही. काय मोडलं, कुठे तडा गेला, कुठून तेल गळलं, याचे रिपोर्ट डर्बीला. एव्हाना प्रयोग विभागाची सूत्रं त्याच हाइव्ह्जकडे होती, जो पुढे सगळ्या कंपनीचा प्रमुख झाला आणि लॉर्डही. टेस्ट ड्रायव्हर कंपनीचा प्रमुख होतो! आमच्याकडे टेस्ट ड्रायव्हरला कॅन्टीनमध्ये वेगळं टेबल होतं.

गुप्ततेचे प्रकारही मजेशीर. सिल्व्हर घोस्टच्या जागी येणारी नवी गाडी, जी १९२५ ला फँटम नावाने आली, तिचं कारखान्यातलं नाव होतं ईएसी, म्हणजे ईस्टर्न आर्मर्ड कार. कोणी विचारलं तर पूर्वेकडच्या देशांसाठी चिलखती गाडी चाललीये असं सांगायचं. आणि विश्वास बसावा म्हणून चिलखताचे पत्रे कारखान्यात दिसतील असे टाकून ठेवलेले. आमच्या काळ्यापांढऱ्या स्टिकरपेक्षा कितीतरी वरची आयडिया.

आता सगळ्यात मजेचा भाग, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. आलिशान गाडीचा टेस्टर बसतो कुठे? पुढे, स्टिअरिंगवर. आणि मालक बसतो कुठे? मागे. पुढे बसणाऱ्याला जी गाडी झकास वाटते तीच मागच्याचं कंबरडं मोडू शकते. त्या काळच्या गाड्यांना पुढे-मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, आणि पुढच्या कडक ठेवायची पद्धत, कारण पुढचा अॅक्सल म्हणजे एक अखंड दांडा, त्याच्या स्प्रिंगा मऊ केल्या की वेगात चाकं लटलट हलायला लागायची, स्टिअरिंग हातात नाचायचं. मग पुढे कडक, मागे मऊ, आणि खड्ड्यावरून गेलं की गाडीचं नाक आणि शेपूट वरखाली, वरखाली. मागे बसलेले महाराज त्यासोबत.

यावर ज्याने सगळ्यात जास्त डोकं चालवलं तो मॉरिस ऑली, रोल्स-रॉइसचाच माणूस, डर्बीत आणि मग त्यांच्या अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या कारखान्यात. डर्बीत यांनी एक बडवायचं यंत्र केलं होतं, मोठाल्या ड्रमांवर उंचवटे बसवलेले, त्यांवर गाडीची चाकं ठेवायची आणि ड्रम फिरवायचे, गाडी जागच्या जागी खड्डे खात राहते आणि रस्त्यावर जे मोडायला महिने लागतील ते इथे पटापट मोडतं. शिवाय गाडी लोंबकळत टांगून तिला झोके द्यायचे आणि वजन पुढे-मागे कसं पसरलंय ते मोजायचं. ऑली १९३० ला कॅडिलॅककडे गेला ते हे सगळं डोक्यात घेऊन, आणि तिथे त्याने एक मोठी सात माणसांची लिमोझिन घेऊन तिच्या पुढे आणि मागे वजनं लटकवायची सोय केली, वजनं सरकवायची, स्प्रिंगा बदलायच्या आणि माणसांना बसवून फिरवायचं. यंत्र काय म्हणतं ते नाही, बसणाऱ्याला काय वाटतं ते विचारायचं. त्यातून जे निघालं ते सगळ्यांच्या समजुतीच्या उलटं. पुढच्या स्प्रिंगा मागच्यापेक्षा मऊ पाहिजेत. मग खड्ड्यावर आधी नाक हलतं, पण सावकाश, आणि मागची बाजू उशिरा हलूनही पटकन त्याला गाठते, दोघं एका लयीत येतात आणि डोलणं विरून जातं. पण पुढे मऊ केलं की अखंड दांड्याचं ते लटलटणं, म्हणून मग पुढची दोन्ही चाकं एकमेकांपासून सुटी केली. १९३४ ला अमेरिकेत जनरल मोटर्सच्या गाड्यांवर हे आलं आणि १९३६ ला रोल्सच्या बारा सिलिंडरच्या फँटम थ्रीवर, जनरल मोटर्सच्याच धर्तीवर. माहेरची विद्या सासरहून परत आली.

रॉइस तोवर गेले होते, १९३३ ला.

आणि मग परत गिअर. जर्मनीत ऑटोबान, म्हणजे न थांबता पळवायचे मोठे हायवे, झाले. आता गिऱ्हाईक गाडी घेऊन जर्मनीत जायचा आणि तासन्‌तास पाय दाबून ठेवायचा, जे शातोरूच्या सरळ रस्त्यांवरही नसायचं, कारण तिथे दर थोड्या वेळाने गाव यायचं, पाय उचलावाच लागायचा. ऑटोबानवर पाय उचलायचं कामच नाही. बेंटलीच्या इंजिनातली बेअरिंगं असल्या सततच्या वेगाला पुरेनात. (बेंटली १९३१ ला रोल्सनेच विकत घेतलेली.) उपाय काय केला, तर १९३८ ला ओव्हरड्राइव्ह गिअर, म्हणजे वेग तोच पण इंजिनाचे फेरे कमी. १९०९ ला नको झालेली तीच कल्पना, एकोणतीस वर्षांनी, वेगळ्या कारणासाठी. कोणाला दोष देणार? प्रत्येक वेळी त्या त्या वेळच्या रस्त्याला बरोबर उत्तर दिलं होतं, रस्ताच बदलला.

शातोरूची शेवटची गोष्ट १९३९ ची. बेंटलीच्या मार्क फाइव्ह चासीवर एक हलकी, वाऱ्याला कापणारी गाडी करायची ठरली, नाव कॉर्निश. बॉडीचं डिझाइन जॉर्ज पोलाँ या फ्रेंच माणसाचं, शिक्षणाने दातांचा डॉक्टर, मोटारीचा पत्र्याचा टप मागे डिकीत लपवायच्या रचनेचं पेटंटही याने घेतलेलं. बॉडी पॅरिसमध्ये बनली, गाडी ब्रूकलंड्सला ताशी १०० मैलांच्या वर पळाली, आणि मग फ्रान्समध्ये रस्त्यांवर टेस्टिंगला. जुलैत एका बसशी ठोकर झाली, ते नीट करून परत काढली. ऑगस्टमध्ये समोर आलेल्या गाडीला चुकवायला वळवली, रस्ता सोडून झाडावर गेली आणि आडवी झाली. चासी इंग्लंडला परत, बॉडी फ्रान्समध्येच दुरुस्तीला. दुरुस्त होऊन ती दिएप बंदरात बोटीची वाट बघत पडली, तोवर युद्ध सुरू झालेलं, आणि बाँबहल्ल्यात तिथेच खलास. पोलाँ नाझींविरुद्धच्या फ्रेंच प्रतिकारात सामील झाला, १९४२ ला नाझींनी त्याला गोळ्या घातल्या.

२०१९ ला बेंटलीला शंभर वर्षं झाली तेव्हा इंग्लंडातल्या क्रू गावच्या बेंटलीच्या कारखान्यात ही कॉर्निश परत बनवली, जुनी ड्रॉइंगं शोधून, काही मूळ सुटे भाग वापरून, पत्रा हाताने ठोकून. फोटो बघा, सुंदर आहे यात वाद नाही. पण सगळ्या फोटोंत ती हिरवळीवर उभी, नाहीतर चकचकीत फरशीवर. जी गाडी मुळात झाडावर आपटेपर्यंत ताणायलाच बनवली होती तिला असं उभं करून ठेवलेलं बघून माझ्यासारख्याचे हात शिवशिवतात. कोणाची ओळख असेल क्रूमध्ये तर निरोप द्या, जुलैत वरंध्याला आणा म्हणावं, मागच्या सीटला वाळूची पोती मी भरून ठेवतो. एक काय ते मोडेलच.